एक सिगार वाया घालवली, एकच उरलीय. नीट चव कशी घेतात आणि चांगली-वाईट कशी ठरवतात?

सिन्नरकर_नाशिक

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

झालं असं की आमचे साडू दुबईला असतात, मे महिन्यात आले तेव्हा दोन सिगार देऊन गेले. पार्तागास सेरी डी नंबर ४, क्युबाची, लाल पट्टीवाली. जाताना बजावून गेले की बिडीसारखी फुकू नकोस, हातानं वळलेली आहे, सावकाश चव घे. आता हातानं वळलेली म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती, आमची आजी सिन्नरला चाळीस वर्षं बिड्या वळत होती, हजारावर मजुरी, आमची शिक्षणं त्यातनंच झाली. पण ते असो.

तर जुलैत एका शनिवारी मित्र आला, पाऊस धो धो, मटण झालं, रम आणि कोला झाला, म्हटलं चला आता ती सिगार काढू. कटर नव्हता म्हणून सुरीनं टोक उडवलं, काडेपेटी दमट झालेली म्हणून मेणबत्तीवर पेटवली (हसू नका). दहा मिनिटांत एक बाजू जळत पुढे गेली आणि दुसरी तशीच, होडीसारखा आकार झाला. तोंडाकडचं पान सुटायला लागलं, निम्म्यात कडू जहर, आणि मग मला दरदरून घाम आणि गरगरायला लागलं ते वेगळंच. बायको म्हणाली बरं झालं.

आता नेटवर हिचेच रिव्ह्यू वाचतोय तर लोक लिहितात कोको, देवदार, चामडं, काळी मिरी, शेवटी एस्प्रेसो. मला ओल्या गोणपाटाची चव लागली, तीही खरं तर वासच होता. म्हणजे माझी जीभ गेलीय, का माल डुप्लिकेट आहे, का हे लोक फेकतात? दुसरी स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलीय. ती तरी नीट ओढायची आहे आणि महाग आहे म्हणून चांगली असं न म्हणता स्वतःला कळलं पाहिजे की ही खरंच चांगली आहे का नाही. कसं करायचं?

मस्कतचा_मंग्या

आधी ती फ्रीजमधनं बाहेर काढा!! आत्ताच्या आत्ता, मग पुढचं वाचा. फ्रीजची हवा कोरडी असते आणि डबा जर घट्ट नसेल तर सगळे वास आत जातात, पुढच्या रिव्ह्यूत तुम्ही लसणाच्या चटणीच्या नोट्स (म्हणजे जाणवलेल्या चवी) लिहाल.

साधा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, धुवून दोन दिवस उघडा ठेवा म्हणजे त्याचा स्वतःचा वास जाईल, आणि त्यात ६५ टक्केवालं बोवेडाचं पाकीट टाका (ऑनलाइन मिळतं, आतली हवा बरोबर त्या दमटपणावर धरून ठेवतं). कपाटात अंधारात ठेवा, चार-पाच आठवडे विसरून जा. लाकडी ह्युमिडॉर (सिगार योग्य दमटपणात ठेवायची पेटी) वगैरे एका सिगारसाठी घेऊ नका, तो सोस नंतर लागतोच. फक्त खोली फार तापू देऊ नका, २५ डिग्रीच्या वर गेलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात आणि मग सिगारला टाचणीनं पाडल्यासारखी भोकं पडतात. माझ्या इथे उन्हाळ्यात एसी बंद पडला होता तेव्हा अकरा सिगार अशा गेल्या, बासरी झाली होती एकेकीची.

आता तुमचं काय चुकलं, तर खरं सांगू का, सगळंच. पण मनाला लावून घेऊ नका, माझी पहिली तर मी उलट्या बाजूनं पेटवली होती.

जुलैत नाशिकच्या पावसात उघड्यावर असलेली सिगार पाणी पिऊन बसते. ओली पानं नीट जळत नाहीत, विझते म्हणून आपण जोरात ओढतो, जोरात ओढलं की तापते आणि तापली की कडू. तुमचं गोणपाट आणि जहर दोन्ही तिथनंच आलं. सुरीनं तुम्ही बहुतेक टोपीच्या खाली कापलं. तोंडाकडे ते गोल टोपण चिकटवलेलं असतं ना, त्याच्या वरची नुसती दोनेक मिलिमीटरची चकती काढायची, खांद्याच्या (जिथे गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो) खाली गेलात की बाहेरचं पान धरून ठेवायला काही उरतच नाही. साधा दोन पात्यांचा कटर स्वस्तात येतो. आणि मेणबत्ती नको, मेणाचा वास थेट पानात जातो, पेट्रोलचा लायटरपण नको. ब्यूटेनचा लायटर, नाहीतर लांब काडी, पण काडीवरचं गंधक पूर्ण जळू द्यायचं आणि मग जवळ न्यायची. ज्योत सिगारला टेकवायची नाही, खालून शेक द्यायचा, पापड भाजतो तसं फिरवत, कडा सगळीकडून लाल झाली की मग पहिला झुरका.

आता परीक्षा. माझ्या मते अर्धी परीक्षा पेटवायच्या आधीच होते आणि त्याला जीभ लागत नाही, डोळे आणि बोटं लागतात. पान बघा, तेलकट झाक आहे का, शिरा जाड आहेत का बारीक, जोड दिसतात का. मग अंगठा आणि बोटात धरून पायापासून (पेटवायचं टोक) डोक्यापर्यंत (तोंडाकडचं टोक) हलकं दाबत जा, सगळीकडे सारखी लवली पाहिजे, कुठे खड्डा लागला तर तिथे भरण कमी, कुठे टणक लागली तर गाठ. मग पानाचा वास, मग पायाकडचा वास, दोन्ही वेगळे असतात. कापल्यावर न पेटवता एक झुरका ओढून बघा. स्ट्रॉनं ताक प्यायल्यासारखं वाटलं तर उत्तम, घट्ट लस्सी ओढल्यासारखं गाल आत जात असतील तर वळताना आवळलीय, आणि नुसतीच हवा आली तर भसाभसा जळून तापणार. हे सगळं कागदावर लिहा, चवीचं नंतर.

कशाला_उगाच

मी स्पष्टच बोलतो, हे चामडं आणि देवदार म्हणजे शुद्ध थापा आहेत. देवदार खाल्लाय का कोणी? वाइनवाल्यांचं बघून सिगारवाल्यांनी उचललंय. त्यात परत शंभरपैकी मार्क, ही ९१ ती ९२. अहो बारावीच्या पेपरात पण दोन मास्तर एकाच उत्तराला वेगळे मार्क देतात, इथे तर धूर आहे. तंबाखूला तंबाखूची चव लागते, संपला विषय.

अर्धवट_राख

कशाला_उगाच, तुमचं निम्मं बरोबर आहे, निम्मं नाही.

जिभेला मोजक्याच चवी कळतात, गोड आंबट खारट कडू म्हणा, बाकी सगळं नाक. सर्दी झाली की आमटी पण पाण्यासारखी लागते ना, तेच. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि बहुतेक सगळा तोंडानं सोडून द्यायचा, पण शेवटचा थोडासा, म्हणजे अगदी दहावा हिस्सा समजा, तो नाकातून सोडायचा. पहिल्यांदा ठसका बसतो, डोळ्यात पाणी येतं, पण त्या क्षणी कळतं की लोक काय बोलतायत. सिन्नरकर, तुम्ही नाकातून सोडलाच नसणार, मग ओलं गोणपाट सोडून दुसरं काय लागणार.

चामडं, देवदार म्हणजे वासाची आठवण आहे, पदार्थ नाही. देवदाराचं तर सोपं आहे, क्युबन सिगार ज्या पेट्यांत येतात त्या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात, आपला देवदार नाहीच तो, महोगनीच्या घराण्यातला आहे. अमेरिकेतल्या माणसानं लहानपणी घोड्याचं खोगीर हुंगलेलं असतं म्हणून तो चामडं लिहितो. आपण कशाला लिहायचं? मी माझ्या वहीत लिहितो दगडफूल, भाजलेलं सुकं खोबरं, बंद ट्रंकेतली गोधडी, जायफळ, जळका गूळ, कात. एकदा तर 'वहाणांचं दुकान' असं लिहिलंय, म्हणजे चामडंच झालं ते शेवटी, पण माझं मला सापडलं.

मार्कांचं म्हणाल तर १९९२ साली सुरू झालेलं सिगार अफिसिओनाडो मासिक शंभरपैकी मार्क देतं, त्यातले १५ रूप आणि बांधणीला, २५ चवीला, २५ ओढताना कशी वागते त्याला आणि तब्बल ३५ एकंदर मत काय झालं त्याला. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त मार्क 'मला कशी वाटली' याचेच आहेत, ते कोणी लपवत नाही. पण ते पट्टी काढून, ब्रँड न सांगता ओढतात, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. लाल पट्टी दिसली की जीभ आपोआप क्युबाला जाते. घरी दुसऱ्या कोणाकडून पट्टीवर साधा कागद गुंडाळून घ्या. तुमच्याकडे एकच आहे त्यामुळे उपयोग नाही म्हणा, पण पुढे दोन वेगळ्या असतील तेव्हा.

आणि एका चवीवर मत देऊ नका. फ्रेंच लोकांत म्हण आहे की सिगारचा पहिला तिसरा भाग गवत, मधला स्वर्ग आणि शेवटचा शेणखत. ते यमकात आहे त्यांच्याकडे, मराठीत मजा जाते. तुमची सिगार १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंगची (रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी साधारण वीस मिलिमीटर), पाऊण ते एक तास चालली पाहिजे. मिनिटाला एक झुरका, जास्त नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत काहीही ठरवू नका.

निपाणीकर_पाटील

मी सिगार ओढत नाही पण तंबाखूवर वाढलोय त्यामुळे लिहितो. आमचा बिडीचा तंबाखू, त्यांचा वेगळा, तरी पान ते पान.

एकाच झाडावर तीन तऱ्हेची पानं असतात. बुडाकडचं पातळ, चव कमी पण जळायला पटकन, क्युबात त्याला वोलादो म्हणतात. मधलं सेको, वास त्याच्यात. शेंड्याकडच्या पानाला ऊन जास्त म्हणून जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारं, ते लिगेरो, आणि तेच सगळ्यात जास्त मुरवतात. वळणारा माणूस हे लिगेरो बरोबर मधोमध घालतो आणि बाकीची पानं त्याच्याभोवती पंख्यासारखी दुमडून लावतो म्हणजे हवेला वाट राहते. वरून बांधायचं पान आणि सगळ्यात शेवटी देखणं पान, जे क्युबात कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवतात. आता लिगेरो जर जरा एका बाजूला सरकलं तर ती बाजू मागे राहणार आणि दुसरी पुढे जळत जाणार. म्हणजे सिन्नरकरांची होडी झाली ती पावसानं झाली का वळणाऱ्याच्या हातानं, हे पहिल्या सिगारवरून सांगताच येणार नाही. दुसरी कोरड्यात ओढून बघा, तीपण होडी झाली तर दोष वळणाऱ्याचा.

दुसरं, मुरणं. पानं ढीग लावून ठेवतात, आतनं तापतात, अमोनिया उडून जातो. आमच्या वखारीत लहानपणी गेलं की डोळे चुरचुरायचे, तो हाच. सिगार पेटवायच्या आधी पायाकडे हुंगल्यावर जर गोठ्यातल्या मुतासारखा झणका आला तर ती कच्ची आहे, परत डब्यात टाका आणि दोन-चार महिने थांबा. याला कुठली नोट म्हणायचं नाही, तो दोष आहे.

राखेबद्दल पण लोक काही काही सांगतात, पांढरी राख म्हणजे भारी माल वगैरे. राखेचा रंग जमिनीतल्या क्षारांवर असतो, मॅग्नेशियम वगैरे. मालाच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. राख इंचभर न पडता टिकते का ते बघा, ती टिकली तर आत अखंड लांब पानं आहेत, भुगा नाही.

दातवाले_काका

मी डेंटिस्ट आहे, उपदेश करणार नाही, काळजी नको, फक्त तुम्हाला गरगरलं का ते सांगतो. लोकांना वाटतं छातीत घेतला नाही म्हणजे काही नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. पावसात विझत होती म्हणून तुम्ही सपासप ओढली, त्यात रम. पोट भरलेलं होतं म्हणून एवढ्यावर सुटलात. तसं परत झालं तर सिगार ठेवून द्या, साखर-पाणी घ्या, पडून राहा. तोंडाचा, घशाचा कॅन्सर सिगारनं पण होतो, खुर्चीवर बघितलेत पेशंट, त्यामुळे महिन्यातनं एखादी आणि रोजची यात मी तरी फार फरक करतो. झाला उपदेश, सॉरी.

बेलापूरची_ताई

डुप्लिकेटचं कोणी बोललंच नाही. आमच्या ह्यांना गोव्यात एकानं काचेच्या झाकणाची कोहिबाची (हीपण क्युबन सिगारच) पेटी विकली होती, पंचवीसच्या पंचवीस, तेही 'तुमच्यासाठी म्हणून' भावात. कोहिबा काचेच्या झाकणाची पेटी काढतच नाही, त्यामुळे तसली कुठेही दिसली की हसून पुढे जायचं. आम्ही हसलो नाही, पैसे दिले. आतनं केळीच्या सोपटासारखं काहीतरी निघालं.

खऱ्या पेटीवर हिरवं क्युबन सरकारचं वॉरंटीचं सील असतं, आता त्यावर बारकोड पण असतो, आणि बुडाला भाजून उमटवलेलं असतं 'तोतालमेंते आ मानो' म्हणजे पूर्ण हातानं केलेली, शिवाय फॅक्टरीचा कोड आणि महिना-वर्ष स्पॅनिशमध्ये शिक्का मारलेलं. पण सुटी एकच सिगार असेल तर यातलं काही हातात नाही, साडूंना विचारा पेटी कुठनं घेतली. २०२२ मध्ये कोहिबाचे भाव जगभर भडकले तेव्हापासून नकली जास्तच झालंय. पार्तागासची डी ४ त्या मानानं बरी, तरी नकली तिचीही असते. साडूंनी दुकानातनं आणलेली असेल तर निर्धास्त राहा आणि परत येताना आणायला सांगा, किती सिगार ड्यूटीशिवाय आणता येतात ते आधी कस्टमचे नियम बघून घ्या.

सिन्नरकर_नाशिक

मंडळी, साडेपाच आठवड्यांनी परत आलोय. ओढली.

साडूंना विचारलं, दुबईत अधिकृत दुकानातनं घेतलीय, बिल पण पाठवलं त्यांनी (किंमत बघून बायकोनं मोबाइल हातातनं काढून घेतला). डबा, पाकीट, कटर सगळं आणलं. पाऊस उघडलेला होता. दुपारी साधा वरणभात खाल्ला, संध्याकाळी नुसतं पाणी आणि कोरा चहा, रम नाही.

आजी सध्या आमच्याकडेच आहे, ८४ वर्षांची. मी दाबून बघत बसलो होतो तर म्हणाली आण इकडं काय ते. चष्मा पण लावला नाही. दोन बोटांत धरून नुसती फिरवत गेली आणि म्हणाली, "पान झ्याक आहे, शिर कशी बारीक आहे बघ, पण हितं गाठ आहे. वळताना हात थांबला असंल त्याचा." मी त्याच जागी दाबलं तर मला काहीच लागलं नाही. पट्टीच्या पुढे दोन बोटांवर पेनानं छोटा ठिपका करून ठेवला.

वहीतलं जसंच्या तसं लिहितो. रूप: गडद तपकिरी, तळहाताला किंचित तेल लागल्यासारखं वाटतं. पायाकडे वास: गोठा नाही, मनुका आणि जुनं कपाट. न पेटवता झुरका: ताक आणि लस्सीच्या मधे. पेटवायला दोन मिनिटं लागली, पापडाची आयडिया कामी आली. पहिला भाग: मिरी, नाकातून सोडल्यावर तर थेट मिरपूड, ठसका, मग खाली काहीतरी मातकट, पहिल्या पावसाचं नाही, कुंडीत पाणी घातल्यावर येतं तसं. जळणं सरळ, होडी नाही. राख करड्या रंगाची, बोटाच्या दीड पेरापर्यंत टिकली आणि मग माझ्या लुंगीवर पडली.

मधला भाग, साधारण पंचवीस मिनिटांनंतर. हे कसं सांगू, मिरी मागे गेली आणि दगडफूल आलं. आधी वाटलं की अर्धवट_राख यांनी लिहिलं होतं म्हणून मला लागतंय, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडून दगडफूल हुंगलं आणि परत येऊन ओढली. तंतोतंत नाही, पण त्याचा चुलतभाऊ आहे. आणि कोको नाही लागला, करपलेलं खोबरं लागलं, बायको वाटणासाठी भाजते आणि फोन आला की विसरते ते. वीस मिनिटं हेच चाललं आणि मी फोन बघितला नाही, हे मुद्दाम लिहितोय.

मग ठिपक्यापाशी आली आणि झुरका आवळला. एकदम. धूर निम्मा झाला, एक बाजू मागे राहिली, तीन-चार मिनिटं तसंच आणि गाठ जळून गेल्यावर परत मोकळी. आजी आत मालिका बघत होती, तिला सांगितलं तर म्हणाली मग, सांगितलं होतं की.

शेवटचा भाग कडक, काळा चहा, तोंड कोरडं. फ्रेंच लोक म्हणतात तितकं शेणखत नाही, पण अंगठ्याला चटका बसायच्या बराच आधी ठेवून दिली कारण डोकं जरा हलकं व्हायला लागलं होतं, काका आठवले. एकूण बावन्न मिनिटं. मार्क देणार नाही, तुलना करायला माझ्याकडे एक ओली सिगार आहे फक्त. चव मला आवडली, बांधणीत एक गाठ, तिचे काय कापायचे ते तुम्ही सांगा.

कशाला_उगाच

गाठीचे पाच कापा. आणि ते दगडफूल हुंगायला उठून गेलात ते वाचून मी पण आत्ता मसाल्याचा डबा उघडून आलो. तंबाखूसारखा वास येत नाही अजिबात. दगडासारखा येतो.

मस्कतचा_मंग्या

अहो तिकडे हवानात वळून झालेल्या सिगारचा झुरका तपासायला मशीन ठेवलेत कारखान्यांत, हवा ओढून बघतात अडकते का. आणि आजींनी चष्मा न लावता बोटानं पकडली.

डिसेंबरात सुट्टीवर येतोय, नाशिकला मामाकडे असतो. पाच घेऊन येतो, तीन ब्रँडच्या, पट्ट्या काढून. तुम्ही नका हात लावू, आधी आजींकडून फिरवून घेऊ आणि त्या सांगतील तिथे ठिपके करू. त्यांना तपकीर चालते का विचारून ठेवा, येताना काय आणू ते कळेल.

सिन्नरकर_नाशिक

विचारलं. म्हणाली तपकीर नको, खजूर आण म्हणावं, मऊ.